दोघांखाली टेबल नाही

१७ एप्रिल, शुक्रवार

आज मला हाकललं. सरळ लिहून ठेवतो, नाहीतर आठवड्याभरात मीच सांगत सुटेन की मी आपणहून निघालो.

संध्याकाळी 'आन्योंग तोतो' या कोरियन खाणावळीत गेलो. तोतो म्हणजे आमच्याकडे कुठलाही पोरगा. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. आमचं टेबल. मॅनेजर सर बोयेट दारात उभा होता, शर्टाची बटणं पोटावर ताणलेली.

"किती जण?"

"एक."

"दोघांखाली टेबल नाही, तोतो. पाटी वाच."

ती पाटी मी दोन वर्षं वाचतोय. हवं तितकं खा, वेळ दोन तास, ताटात उरलं तर जादा पैसे, कमीत कमी दोन माणसं. पण मी नेहमी मारिएलबरोबर यायचो, म्हणून ती शेवटची ओळ दुसऱ्या कुणासाठी आहे असं वाटायचं.

"दोघांचे पैसे घ्या."

"पैशांचं नाही रे. एका माणसासाठी शेगडी पेटवायची आणि चार खुर्च्या अडवून ठेवायच्या, शुक्रवारच्या दिवशी?"

"मग एकट्याला भूक लागली तर त्याने जायचं कुठे?"

"समोर बाचोयचं सूप मिळतं. वाटीत देतात. ते एकट्यानेच खायचं असतं."

मागे रांगेत उभ्या मुली हसल्या. मी पाटीवर थाप मारली. एकच मारली, पण पाटी खाली आली आणि रखवालदाराने माझं बखोट धरलं. एवढंच झालं.

आज सतरा तारीख. मी आणि मारिएल एका सतरालाच एकमेकांचे झालो, म्हणून दर सतराला आमची मंथसरी आणि दर मंथसरीला त्याच टेबलावर सामग्युप, समोरच्या शेगडीवर आपणच भाजून खायचं डुकराचं मांस. मार्चमध्ये तिने कूल-ऑफ मागितलं. कूल-ऑफ म्हणजे तुटणं नव्हे, हे आमच्या इलोइलो शहरातल्या कुठल्याही पोराला विचारा. आच बारीक करायची, विझवायची नाही. ती परत येईल तेव्हा मी त्याच टेबलावर बसलेला असायला हवा. आज नव्हतो. पुढच्या सतराला असेन. बोयेटने अख्खी इमारत माझ्या अंगावर ढकलली तरी.

१८ एप्रिल

सकाळपासून पाण्याच्या निळ्या कॅन पोचवल्या. आमच्या हारो भागातल्या त्या चढाच्या गल्लीत सायकलगाडी उलटता उलटता राहिली. खरं तर उलटली, पण कॅन फुटली नाही.

वाटेत जुना वर्गमित्र भेटला, पांढऱ्या गणवेशात, कडक इस्त्री. म्हणाला, "परत ये की रे, नवीन सत्र सुरू होतंय. माफीचे दोन शब्द बोल, घेतील." दोन शब्दच तर आहेत. एका सीनियरने माझी टोपी पायाने उडवली, मी त्याची गटारात टाकली, आणि माफी मागायची कुणी, तर मी. मरीन इंजिनियरिंगचं तिसरं वर्ष तिथेच सोडलं. तेव्हा गुइमारास बेटावरून बाबांचा फोन आला होता. जेवलास का, एवढंच विचारलं.

मारिएलच्या आईला जहाजवाला जावई हवा, हे मला ठाऊक आहे. आमच्या शहरात अर्धी पोरं जहाजावर आणि अर्धी जहाजाची वाट बघत. मी तिसऱ्या जातीचा. मारिएलला हे जड जातंय, म्हणून कूल-ऑफ. तिच्या डोक्यातून जहाज निघालं की झालं.

३ मे

तोड सापडली. दुसरं माणूस हवंय ना, तर दुसरं माणूस घरातच आहे.

तिया नेनिंग, माझ्या बाबांची थोरली बहीण. कॉलेज सोडल्यापासून मी तिच्याकडेच असतो. ती ओट्याशी मासे साफ करत होती.

"तिया, कोरियन जेवण जेवशील?"

"मालिकेत ती मुलगी आधी रडते आणि मग गालफडं फुगवून खाते, तेच ना?"

"तेच."

"जेवेन की. नवी कवळी काही दलिया खाण्यासाठी केलेली नाही."

मी तिला सगळं नीट समजावलं. ती माझ्यासमोर बसणार, म्हणजे आम्ही दोघं झालो. मारिएल आली की तिने उठायचं.

"उठून कुठे जायचं?"

"जीपनीच्या थांब्यावर. मी येईन घ्यायला."

"अर्धपोटी?"

"तोवर तुझं झालेलं असेल, तिया."

तिने माशाचं पोट फाडलं आणि आतलं सगळं एका बोटाने बाहेर काढलं. "ती येणार म्हणालीय का?"

"येईलच."

"मी विचारलं काय आणि तू सांगतोस काय," ती म्हणाली. "बरं. पण सिनामाकची बाटली मी बरोबर घेणार. दुसऱ्याच्या घरचं व्हिनेगर मला सोसत नाही."

१७ मे, रविवार

टेबल मिळालं. पोट दुखतंय. दोन्ही सविस्तर लिहायला हवं.

काल मारिएलला मेसेज केला होता: उद्या सतरा, सहा वाजता, आपल्या टेबलावर. तिचं उत्तर आलं: "बघू या हं, देल. जमलं तर." पुढे हसरा चेहरा. नाही असतं तर ती नाही म्हणाली असती, हसरा चेहरा कशाला टाकेल? तियाला दाखवलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"फादर मला दरवर्षी मिरवणुकीला बोलावतात," ती म्हणाली. "मी दरवर्षी सांगते, बघू या फादर, जमलं तर. मला कधी मिरवणुकीत पाहिलंस?"

"तुझी गोष्ट वेगळी."

"हो. माझे गुडघे दुखतात."

दारात बोयेटने आधी मला पाहिलं, मग तियाला, मग परत मला. तियाने खास रविवारचा झगा घातला होता आणि मांडीएवढी हातपिशवी काखेत धरली होती. ती म्हणाली, "दोन." राणीसारखी आत गेली.

तियाने जेवण असं केलं की मी बघतच राहिलो. पोटाकडच्या चरबीचे पातळ काप ती जाळीवर पसरायची, कात्रीने कचाकच कापायची, आणि चीजच्या वाटीला हातही न लावता सिनामाकमध्ये बुडवून भाताबरोबर खायची. किमची चाखून म्हणाली, "आपली पपईची आचाराच बरी, पण हिचा तिखट रागही समजतो." शेजारच्या टेबलावरची पोरं बाटली मागायला आली. तिने दिली आणि परत घेताना कुणाचं लग्न ठरलंय, कुणाचं मोडलंय सगळं काढून घेतलं.

मी दाराकडे तोंड करून बसलो होतो. सात वाजले. मारिएल आली नाही. काम निघालं असेल.

उठताना घोटाळा झाला. बोयेटने तियाच्या पिशवीकडे बोट केलं, आईच्या वयाच्या बाईशी बोलावं तसं म्हणाला, "नानाय, जरा उघडता का?"

आत कागदी रुमालात बांधलेल्या पुड्या होत्या, नीट घड्या घालून, तेल सुटलेल्या. भाजलेलं सामग्युप. आजूबाजूच्या टेबलांवरचे चिमटे थांबले.

"अहो, पाहुणचाराला गेलं की रिकाम्या हाताने का कुणी परततं," तिया म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. तिच्या सगळ्या आयुष्यात, बारसं असो की मयत, निघताना यजमानीणच पुडी हातात कोंबते आणि न घेणाऱ्याला शिष्ट म्हणतात. "ही शेजारच्या पोरांची. ही याच्या पाणीवाल्या मालकाची. आणि ही त्या पोरीची. ती आली नाही ना."

बोयेट म्हणाला, "इथे हवं तितकं पोटात न्यायचं असतं नानाय, पिशवीत नाही. आता हे उरलेलं धरावं लागेल. जादा पैसे पडतील." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "म्हातारपणी असं करू नये."

पैसे मी दिले असते. त्या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं.

"उरलेलं म्हणतोस ना? थांब."

मी पुडी सोडली आणि तिथेच, काउंटरशी उभा राहून खायला लागलो. गार झालेलं, पांढरी चरबी गोठलेलं. शेजारच्या पोरांची पुडी खाल्ली. पाणीवाल्याची खाल्ली. कुणीतरी पाणी पुढे केलं, ते घेतलं नाही. दोन तास भरत आले होते आणि बोयेट घड्याळाकडे बघत होता, मी बोयेटकडे. मारिएलची पुडी सगळ्यात मोठी होती. तियाने त्यातले चांगले, कडा कुरकुरीत झालेले तुकडे निवडून ठेवले होते. तेही खाल्ले. मग रिकामे रुमाल चुरगाळून त्याच्या हातात दिले.

"उरलं काय, सांग."

एक टेबल टाळ्या वाजवत होतं. तियाने माझा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो. जीपनीत ती म्हणाली, "पैसे देऊन टाकायचे होते, तोतो."

"तुझा अपमान केला त्याने."

"केला की. पण तो केव्हाच संपला होता. मग तू अर्धा तास काय करत होतास?"

१९ मे

दोन दिवस पेजेवर. कॅन उचलताना कुरकुरीत कडा आठवतात आणि घशाशी येतं. पश्चात्ताप नाही.

८ जून

आज मारिएल लांबून दिसली, प्लाझाजवळ. केस आखूड केलेत. मी हाक मारली नाही. कूल-ऑफमध्ये हाक मारायची नसते, नियम आहे, आणि नियम मी पाळतो, लोक काहीही म्हणोत. समोरून येणारा टपोरी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत होता, त्याला मात्र चार शब्द सुनावले. तो म्हणाला मी बसचा नंबर बघत होतो. तेवढ्यात ती गल्लीत वळली, थोडी घाईतच.

संध्याकाळी मेसेज केला: सतराला, सहा वाजता. लगेच उत्तर आलं: "ट्राय करते हं, देल. काळजी घे." काळजी घे म्हणालीय. मागच्या वेळी हे नव्हतं.

तियाला दाखवलं. या वेळी तिने चष्मा लावला नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं आणि भात लावायला गेली.

१४ जून, रविवार

तिया आज मिस्सासाठी मोलो भागात गेली. आमचं हारोचं कॅथेड्रल घरातून दिसतं, घंटा वाजली की भांडी थरथरतात, आणि ही दोन जीपनी बदलून मोलोच्या चर्चमध्ये. म्हणे तिथे सगळ्या संतिणीच आहेत, बाईचं म्हणणं बाईलाच कळतं. मारिएलचं घर त्याच चर्चच्या मागे. येतो बरोबर म्हणालो तर म्हणाली, "तू कॅन पोचव."

दुपार उलटून गेल्यावर आली. डब्यात पान्सित मोलो होतं, मांसाच्या पुरचुंड्यांचं सूप, अजून कोमट. सुपाची चव ओळखीची वाटली, कुठे चाखली ते आठवेना. मोलोत काय, घरोघरी करतात.

"कुणासाठी एवढी प्रार्थना केलीस?"

"तुझ्यासाठी. बुधवारी निळा शर्ट घाल, इस्त्री करून ठेवते."

म्हणजे तिलाही वाटतंय मारिएल येणार. इतके दिवस उगाच नकारघंटा वाजवत होती.

१७ जून, बुधवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

साडेपाचलाच जाऊन टेबल धरलं. तियाने पावडर लावली होती. पिशवी तिने स्वतःहून काउंटरवर नेऊन ठेवली, हातात फक्त सिनामाकची बाटली.

"आज पुड्या नाहीत, नानाय?" बोयेटने विचारलं. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, मी शोधली.

"आज सगळे इथेच येतायत," तिया म्हणाली.

पहिलं ताट आलं, संपलं. दुसरं आलं. दार उघडलं की मी मान वळवायचो. "मांस इकडे आहे," तिया म्हणायची. कशाला ना कशाला नावं ठेवत ती जाळीवरचे काप एकसारखी उलटत होती, खात मात्र होती थोडं.

साडेसहाला मारिएल दारात दिसली.

बोयेट: "किती जण?"

"एकटीच. पण जेवणार नाही. त्या टेबलावर पाच मिनिटं बोलायचंय."

"न जेवणाऱ्याला बसता येत नाही, मिस."

मी उठलो होतो. काय म्हणणार होतो ते आता आठवत नाही, पण मोठ्याने म्हणणार होतो. तियाने माझ्या मनगटावर हात ठेवला. बोयेटने आमच्याकडे पाहिलं, तियाने त्याला मान हलवून काहीतरी सांगितलं, आणि तो बाजूला झाला. "पाचच. आणि पाणीसुद्धा नाही."

मी खूण करायच्या आतच तिया उठली. "मला जरा जाऊन यायचंय," म्हणाली आणि आत संडासाकडे गेली. तिया घराबाहेरच्या संडासात कधी म्हणजे कधीच जात नाही. जत्रेच्या दिवशी कळ काढत घर गाठते. मी मनात म्हटलं, म्हातारी शब्दाला जागली. थांब्यावर जायचं ठरलं होतं, पण चालेल.

मारिएल समोर बसली. आखूड केस तिला शोभत होते, ते मी सांगितलं नाही.

"खा काहीतरी."

"नको, देल."

मी तरी लेट्यूसच्या पानात चांगला तुकडा गुंडाळला, लसूण घातली, जशी तिला लागते, आणि तिच्या तोंडापाशी नेला. तिने तोंड उघडलं नाही. पानातून चटणी माझ्या मनगटावर ओघळली. हात मागे घ्यायचा कसा ते कळेना.

"मी दर वेळी बघू या म्हणते आणि तू दर वेळी टेबल धरून बसतोस," ती म्हणाली. "म्हणून आज बघू या म्हणायचं नाही, असं ठरवून आलेय. संपलंय, देल. ते कूल-ऑफ नव्हतं. तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून तसं म्हटलं."

"मी जहाज सोडलं म्हणून."

"जहाजाचं काय घेऊन बसलास? माझे पापा जहाजावर आहेत. वर्षातून दोन महिने मला बाप असतो. जहाजवाला नकोच होता मला. तू कॉलेज सोडलंस तेव्हा सुटले असं वाटलं होतं."

"मग?"

"मग दमले. तुझ्याबरोबर नुसतं रस्त्याने चाललं तरी कुणाशी तरी भांडण. जीपनीवाल्याशी, शिक्षकाशी, बसचा नंबर बघणाऱ्याशी, पाटीशी. आणि प्रत्येक भांडण माझ्यासाठी. मी कधी मागितलं होतं?"

पाटीचं हिला कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.

"दुसरा कुणी आहे?"

"नाही."

कुणीतरी असेल असंच मी धरून चाललो होतो. पांढऱ्या गणवेशातला, कडक इस्त्रीचा. त्याला मी हाणला असता, मग माझं काहीही होवो. कुणीच नाही म्हटल्यावर हाणायचं कुणाला?

जाळीवरचं मांस करपायला लागलं होतं. मी पान खाली ठेवलं, चिमटा घेतला, एकेक काप उलटला. एकही काप खाली पडला नाही. मारिएलचे डोळे भरले होते. तिचा आवाज परत पहिल्यासारखा झाला, मधात बुडवलेला. "देल, तू किती चांगला आहेस हे मला ठाऊक आहे रे. आपण अधूनमधून..."

"ते नको. आत्ता जे बोललीस ते चांगलं होतं. तेवढंच असू दे."

बोयेटने काउंटरवरून घड्याळावर बोट आपटलं. ती उठेना. मला बरं वाटेपर्यंत बसून राहायचा तिचा बेत होता. मला बरं वाटणार नव्हतं, आणि तिच्यासाठी बरं वाटल्यासारखं मी करणारही नव्हतो.

"ऊठ," मी म्हणालो. "ती तियाची खुर्ची आहे."

ती उठली. दारापर्यंत गेली, वळून पाहिलं असावं. मी जाळीकडे बघत होतो.

तिया आली, बसली, बाटली आपल्याकडे सरकवली. कोण आलं होतं, काय म्हणालं, काही विचारलं नाही. करपलेले काप तिने स्वतःच्या ताटात ओढले आणि चांगले माझ्या ताटात टाकले. मी ते परत तिच्या ताटात टाकले. तिने परत माझ्या. शेवटी मी खायला लागलो. सगळं खारट लागत होतं. शेजारच्या टेबलावरच्या मुली वळून बघत होत्या.

"धूर फार झालाय आज," तिया मोठ्याने म्हणाली, त्यांना ऐकू जाईल असं.

"धूर नाही तिया," मी तिच्याहून मोठ्याने म्हणालो. "मी रडतोय. आणि जेवतोय. ज्याला बघायचं त्याने बघावं. अजून पाऊण तास आहे आपला. पुढचं ताट मागव."